‘गेले’ म्हणजे वजाबाकीच का?

एका नाट्यगृहात नाटक सुरू असताना काही प्रेक्षक बसले होते. मध्यंतरात १२५ प्रेक्षक निघून गेले आणि ६० नवे प्रेक्षक आले. आता नाट्यगृहात ७७५ प्रेक्षक आहेत. तर मध्यंतरापूर्वी किती प्रेक्षक होते?

हे उदाहरण मी गेल्या वर्षी अकरावीच्या वर्गात, पहिल्याच तासाला, फळ्यावर लिहिले. वर्ग विज्ञान शाखेचा. दहावीला गणितात चांगले गुण मिळवून आलेली मुले. पाचवीतले उदाहरण पाहून काही जण हसले. दोन मिनिटांनी उत्तरे मागितली, तेव्हा जवळजवळ निम्म्या वर्गाने ७१० असे उत्तर दिले. त्यांनी ७७५ मधून १२५ वजा केले आणि ६० मिळवले होते. आकडेमोडीत एकाचीही चूक नव्हती. उत्तर मात्र चूक होते. मध्यंतरापूर्वी ८४० प्रेक्षक होते. ८४० मधून १२५ गेले, ७१५ उरले, त्यांत ६० आले, ७७५ झाले.

एका मुलाला विचारले, “तू १२५ वजा का केलेस?” तो म्हणाला, “सर, ‘निघून गेले’ असे दिले आहे ना. गेले म्हणजे वजा.”

विद्यार्थी मित्रांनो, हे उत्तर त्या मुलाच्या डोक्यातून आलेले नाही. आपल्या प्राथमिक शाळांच्या भिंतींवर एक तक्ता टांगलेला असतो. डाव्या बाजूला ‘एकूण, मिळून, आले, जास्त’ आणि त्यापुढे अधिकचे चिन्ह. उजव्या बाजूला ‘उरले, गेले, कमी, खर्च झाले’ आणि त्यापुढे उण्याचे चिन्ह. शाब्दिक उदाहरणे सोडवण्याची ही सोपी युक्ती म्हणून शिकवली जाते. परीक्षेपुरती ती चालतेही, कारण पाठ्यपुस्तकातली बहुतेक उदाहरणे याच साच्यात बसतील अशी असतात. माझे मत असे आहे की हा तक्ता भिंतीवरून उतरवला पाहिजे. शिक्षक मित्रांना हे कदाचित आवडणार नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात काहीतरी हाताशी धरावे लागते, हे मीही जाणतो. पण या तक्त्यामुळे मूल वाक्य वाचणेच सोडून देते. ते फक्त दोन संख्या आणि एक शब्द शोधते.

हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. फ्रान्समधील ग्रनोबल येथील गणित शिक्षणाच्या संशोधन संस्थेने १९८०च्या सुमारास सात ते नऊ वर्षांच्या ९७ मुलांना एक विचित्र प्रश्न घातला. एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर जहाजाच्या कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी उत्तर काढले. दिलेल्या संख्यांची काहीतरी क्रिया करून कप्तानाला वय बहाल केले. अमेरिकेत त्याच दशकाच्या सुरुवातीस तेरा वर्षांच्या मुलांची देशव्यापी चाचणी झाली. तीत विचारले होते की एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, तर ११२८ सैनिकांना न्यायला किती बसगाड्या लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बिनचूक केला. पण ३२ हे उत्तर लिहिणारी होती केवळ २३ टक्के. २९ टक्क्यांनी ‘३१, बाकी १२’ असे लिहिले. एकतीस बसगाड्या आणि बाकी बारा! ते बारा सैनिक रस्त्यावर उभे आहेत, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलेच नाही.

आपले भास्कराचार्य या बाबतीत अधिक शहाणे होते असे मला वाटते. ‘लीलावती’ हा ग्रंथ इ. स. ११५०च्या सुमाराचा. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. ‘लीलावती’त बेरीज-वजाबाकीचे पहिले उदाहरण येते, त्यात गोष्ट नाही. २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज सांग आणि ती दहा हजारांतून वजा करून सांग, एवढेच. उत्तरे ३६० आणि ९६४०. भुंगे, हंस, साप आणि मोर नंतर येतात. आणि येतात तेव्हा ती गोष्ट डोळ्यांपुढे उभी केल्याशिवाय उदाहरण सुटत नाही. मोर खांबावर आहे आणि साप जमिनीवर, हे चित्र काढल्याखेरीज कोणता शब्द शोधून काय उपयोग? नुसती आकडेमोड हवी असेल तर नुसते आकडे द्यावेत. गोष्ट दिली, तर ती वाचल्यावाचून सुटका नसावी.

आता आपल्या नाट्यगृहाकडे परत येऊ. चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कल्पनेने त्याच्याभोवती खडूने एक रेषा काढा. ही रेषा कोठेही तुटलेली नसावी, म्हणजे पुढचा दरवाजा, बाजूचे दरवाजे, रंगमंचामागचा कलावंतांचा दरवाजा, सारे तिच्यावर आले पाहिजेत. आता दोन प्रकारच्या संख्या वेगळ्या ओळखा. एक, एखाद्या क्षणी रेषेच्या आत असलेली माणसे. दुसरी, एखाद्या कालावधीत रेषा ओलांडणारी माणसे. पहिली संख्या घड्याळ थांबवून मोजायची, तर दुसरी घड्याळ चालू ठेवून. ‘८४० प्रेक्षक होते’ आणि ‘१२५ प्रेक्षक गेले’ या दोन वाक्यांत दोन वेगळ्या जातीच्या संख्या आहेत, हे ज्याला कळले त्याला चिन्हाची भीती उरत नाही. मग एकच संबंध लिहायचा:

नंतर आत असलेले = आधी आत असलेले + आत आलेले − बाहेर गेलेले.

यात चार राशी आहेत. कोणत्याही तीन दिल्या की चौथी काढता येते. ‘आधीचे’ विचारले तर ‘गेलेले’ मिळवावे लागतात आणि ‘आलेले’ वजा करावे लागतात. ‘गेलेले’ विचारले तर आधीच्यांत आलेले मिळवून नंतरचे वजा करायचे. म्हणजे एखादी संख्या अधिक होणार की उणे, हे तिच्याजवळच्या शब्दावर ठरत नाही. आपण कोणती राशी शोधतो आहोत, यावर ते ठरते. तक्ता हे कधीच सांगत नाही.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा या पाचवीच्या उदाहरणात मी का पडलो, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. गुस्टाव किरखॉफ यांनी १८४५ साली विद्युतमंडलांविषयी जो नियम मांडला तो हाच. तारा जेथे एकत्र जोडल्या जातात त्या बिंदूकडे जितकी धारा येते तितकीच तेथून जाते, कारण त्या बिंदूवर विद्युतभार साठून राहत नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ सारखेच, म्हणून ‘आलेले’ आणि ‘गेलेले’ सारखे. जेथे भार साठू शकतो अशी जागा म्हणजे धारित्र, ज्याला आपण कपॅसिटर म्हणतो. नाट्यगृह हे प्रेक्षकांचे धारित्रच म्हणावयाचे. पवना धरणातला पाणीसाठाही याच रीतीने मोजतात. पावसाचे व ओढ्यांचे आलेले पाणी मिळवायचे, सोडलेले, वापरलेले आणि वाफ होऊन गेलेले वजा करायचे. नाट्यगृहाचे उदाहरण ज्याने चिन्हांच्या तक्त्यावरून सोडवले, तो बारावीत बाणांच्या दिशा पाहून गोंधळतो आणि “सर, येथे अधिक घ्यायचे की उणे?” असे विचारतो. हा प्रश्न मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकला आहे की तो पाचवीतूनच चालत आला आहे, याबद्दल मला शंका उरलेली नाही.

पण यापेक्षा मोठे कारण आपल्या पट्ट्यात कारखान्यांच्या फाटकावर रोज उभे असते.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्यानंतर भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि पुढे चाकण, म्हाळुंगे, निघोजे असा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला. तुमच्यापैकी कित्येकांचे आईवडील फर्स्ट, सेकंड किंवा नाईट शिफ्टला जात असतील. त्यांना विचारा, मॉक ड्रिल म्हणजे काय. भोंगा वाजतो, सगळे हातातले काम सोडून असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे मोकळ्या जागेत ठरवून दिलेल्या खुणेपाशी, जमतात आणि शिरगणती होते. फाटकावरचा सुरक्षारक्षक नोंदवही उघडतो. आत किती माणसे असायला हवीत आणि प्रत्यक्षात बाहेर किती आली, यांची वजाबाकी करायची असते. शाळेत ज्या उदाहरणाला दोन गुण असतात ते उदाहरण येथे घाईने, घाम फुटलेला असताना सोडवावे लागते.

आपणही एक सोडवू. आकडे माझे आहेत, पण रीत खरी आहे. समजा, सकाळी सहा वाजता नाईट शिफ्टची ४७ माणसे ओव्हरटाइमसाठी आतच थांबली. सहापासून अकरापर्यंत मुख्य फाटकातून ६१२ कामगार आत आले. कंत्राटी कामगारांच्या फाटकातून १८५ आले. भेटीला आलेले ९ आणि मालमोटारींचे चालक व क्लीनर मिळून १४. बाहेर गेले ते अनुक्रमे ३८, २१, ४ आणि ६. अकरा वाजता भोंगा झाला. आत किती माणसे असायला हवीत?

आधीचे ४७ आणि आत आलेले ८२०, मिळून ८६७. बाहेर गेलेले ६९. उत्तर ७९८. असेंब्ली पॉइंटवर शिरगणती झाली ७९१. म्हणजे सात माणसे कमी. पाठ्यपुस्तकात उदाहरण येथे संपले असते. कारखान्यात ते येथे सुरू होते. ते सात जण कोठे आहेत? मालमोटारीच्या केबिनमध्ये झोपलेला चालक, भट्टीपाशी यंत्र बंद करत राहिलेला कामगार, भोंगा ऐकू न आलेला, टाकीत उतरलेला सफाई कामगार. आग खरी असेल तर या सात जणांसाठी अग्निशमन दलाचे जवान धुरात शिरतात.

आता पाहा. समजा, घाईत नोंदवही उघडणाऱ्याने फक्त आजची पाने पाहिली आणि ओव्हरटाइमचे ४७ जण विसरला. ‘आले’ ते मिळवले, ‘गेले’ ते वजा केले, तक्त्याप्रमाणे अगदी बिनचूक. उत्तर आले ७५१. समोर माणसे दिसतात ७९१. अपेक्षेपेक्षा चाळीस जास्तच! तो सुटकेचा निःश्वास टाकील आणि ‘सगळे बाहेर आले’ असा निरोप देईल. आतल्या सात जणांना शोधायला कोणी जाणार नाही. चूक बेरजेत नाही, वजाबाकीतही नाही. ‘आधी आत असलेले’ नावाची राशी असते, हेच ध्यानात राहिले नाही. आमच्या अकरावीच्या वर्गाची चूक आणि ही चूक एकाच कुळातली आहे.

या उदाहरणात आणखी एक गंमत आहे. एखादा कंत्राटी कामगार आपल्या फाटकातून आत आला आणि मुख्य फाटकातून बाहेर पडला, तर प्रत्येक फाटकाचा हिशेब वेगळा करणाऱ्याला दोन्हीकडे घोळ दिसेल. पण पूर्ण रेषेचा हिशेब करणाऱ्याचे उत्तर बरोबरच येईल. म्हणून तर रेषा अखंड हवी.

जेथे फाटकच नाही तेथे काय होते, हे आपण १५ जून २०२५ रोजी पाहिले. मावळ तालुक्यात इंदोरीजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. रविवार होता, पावसाळा सुरू झाला होता, नदी पाहायला आपल्या पिंपरी-चिंचवडकडून आणि पुण्याकडून पर्यटक आले होते. चार जण मरण पावले, अनेक जखमी झाले. पूल जुना झाला होता, तो धोकादायक असल्याचा फलकही होता. त्या बाजूविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, मी ते पुन्हा सांगत नाही. मला येथे दोन आकडेमोडी दिसतात. पहिली पूल पडण्यापूर्वीची. पूल ओलांडणारा माणूस या टोकाने चढतो आणि त्या टोकाने उतरतो. जितके चढले तितके उतरत राहिले, तर पुलावरची संख्या वाढत नाही. पण पाणी पाहायला, छायाचित्र काढायला माणसे मध्येच थांबली की चढणारे चालू राहतात आणि उतरणारे कमी होतात. पूल पाहता पाहता धारित्र बनतो. दुचाकी गाड्या त्यावर आल्या की भार आणखी वाढतो. चढताना कोणालाही आपण शंभरावे आहोत हे कळत नाही. त्याला पुढे फक्त दहा-बारा माणसे दिसतात.

दुसरी आकडेमोड पूल पडल्यानंतरची आणि ती मला अधिक अस्वस्थ करते. पाण्यातून काढलेल्या प्रत्येकाची मोजणी होते. शोध कधी थांबवायचा? पुलावर जितके होते त्यांतून बाहेर निघालेले वजा करून शून्य आले म्हणजे. पण पुलावर किती जण होते, याचे त्या दिवशी वेगवेगळे अंदाज सांगितले जात होते. मोजलेले कोणीच नव्हते. ज्या वजाबाकीत वरची संख्याच नाही, ती वजाबाकी करायची कशी? शेवटी कोणाचे नातेवाईक घरी पोचले नाहीत याची विचारपूस करत करत शोध पुरा करावा लागतो.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर जे घडले तेही असेच होते. जोराचा पाऊस, एकामागून एक येणाऱ्या गाड्या, पुलावर येणारे थांबत नव्हते आणि पावसामुळे खाली उतरणारे आडोशाला थबकले होते. २३ माणसे गेली. येणाऱ्यांचा वेग जाणाऱ्यांच्या वेगापेक्षा थोडासा जरी अधिक असला तरी फरक मिनिटामिनिटाला साठत जातो आणि जागा मात्र तेवढीच राहते.

वेगाचा विषय निघालाच आहे तर गहुंज्याच्या क्रिकेट मैदानाकडेही जाऊ. तेथे सुमारे ३७ हजार प्रेक्षक बसू शकतात. समजा, तपासणी करून आत सोडणारी वीस फाटके आहेत आणि प्रत्येकातून मिनिटाला दहा माणसे आत जातात. मिनिटाला २०० झाली. ३७ हजारांना १८५ मिनिटे, म्हणजे तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. म्हणूनच दरवाजे सामन्याच्या कितीतरी आधी उघडावे लागतात आणि दुपारच्या सामन्याला सकाळी निघणारा माणूस वेडा नसतो. येताना माणसे थोडी थोडी येतात. जाताना शेवटचा चेंडू पडला की सगळी एकदम उठतात. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर २ जानेवारी १९७१ रोजी फुटबॉलचा सामना संपल्यानंतर जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ प्रेक्षक मेले. त्यानंतर १९७३ साली ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शक पुस्तिका निघाली. तिच्या अलीकडच्या आवृत्त्यांनुसार मैदानातून बाहेर पडण्याच्या मार्गांवर पोचायला आठ मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागू नये आणि सपाट वाटेच्या दर मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसे जातील असे धरावे. हे आपल्या ३७ हजारांना लावून पाहा. मिनिटाला ४,६२५ माणसे आणि बाहेर पडण्याच्या सगळ्या वाटांची रुंदी मिळून सुमारे ५७ मीटर. जिने असतील तर आणखी रुंदी हवी, कारण जिन्यावर वेग कमी होतो. हा भागाकार सातवीच्या मुलालाही येतो. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूला विजयोत्सवाच्या वेळी चिन्नास्वामी मैदानाबाहेर चेंगरून ११ जण मेले. त्या मैदानात सुमारे ३५ हजार मावतात आणि बाहेर त्याच्या कितीतरी पट लोक जमले होते. ‘मावतात’ आणि ‘जमले’ यांची वजाबाकी आधीच कोणी मांडली असती तर, असे वाटत राहते.

एक छोटी गोष्ट सांगायची राहिली. आपल्या शहरात जानेवारी २०१६ मध्ये १५ ते १८ तारखांना अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अशा संमेलनाला किती लोक आले हे सांगताना चारही दिवसांच्या उपस्थितीची बेरीज करण्याचा मोह होतो. पहिल्या दिवशी ९०० आले, दुसऱ्या दिवशी ७००, तर १,६०० आले, असे म्हणता येईल का? दोन्ही दिवस आलेले २५० असतील, तर माणसे १,३५० आणि भेटी १,६००. जेवणाच्या ताटांचा हिशेब करणाऱ्याने १,६०० धरावेत. गावात किती माणसांना साहित्याची गोडी आहे हे शोधणाऱ्याने १,३५०. ‘मिळून’ हा शब्द दोन्हीकडे सारखाच आहे. वर्तमानपत्रात मोठा आकडा वाचला की तो माणसांचा आहे की भेटींचा, हे विचारण्याची सवय लावून घ्या. माझ्या घरी या सवयीला सगळे कंटाळले आहेत.

मग वर्गात काय करावे? शिक्षक मित्रांना माझे सुचवणे असे की वर्षातून एकदा तरी हे उदाहरण पुस्तकातून बाहेर काढावे. शाळेचे विज्ञान प्रदर्शन भरते तेव्हा प्रत्येक दरवाजावर दोन विद्यार्थी बसवा, एक येणारे मोजील, एक जाणारे. पाच-पाच रेघांचे जुडगे करून नोंद ठेवायची. दर दहा मिनिटांनी घंटा द्यायची आणि त्या क्षणी आत किती माणसे आहेत, हे मुलांनी काढायचे. शेवटी आत शिरगणती करून पडताळा घ्यायचा. पडताळा सहसा जुळत नाही. मजा तेथेच आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात आम्ही हा प्रयोग केला. सभागृहाला तीन दरवाजे, सहा मुले, हातात वह्या. कार्यक्रम संपला, माणसे पांगली, आणि हिशेब ठेवणारी मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. तिचा चेहरा गोंधळलेला होता. म्हणाली, “सर, आत उणे सहा माणसे आहेत.”

आम्ही दोघांनी सभागृहात डोकावून पाहिले. आत एकही माणूस नव्हता, उणे सहा तर नव्हतेच. मी म्हणालो, “बेरीज पुन्हा कर.” तिने केली. पुन्हा उणे सहा. बाकीची मुले जमली. कोणी म्हणाले, मोजणाऱ्याचा डोळा लागला असेल. कोणी म्हणाले, एखाद्याने जाणाऱ्यांत दोनदा रेघ मारली असेल. त्यांतल्या एकाने, ज्याचे वडील चाकणच्या एका कारखान्यात फाटकावर काम करतात, एवढा वेळ काहीच म्हटले नव्हते. तो रंगमंचाकडे गेला, पडद्यामागे शिरला आणि दोन मिनिटांनी परत आला.

“सर, मागे चौथा दरवाजा आहे. तबलजी, पेटीवाले आणि चहावाला तिकडून आले. गेले मात्र आपल्या दरवाजातून.”

आम्ही मोजले. तबलजी दोन, पेटीवाले एक, ध्वनिवर्धकाचे दोन आणि चहावाला. सहा.